खराट्याच्या काडीवर सिमेट्री ब्रेकिंग कसं समजावायचं

आपल्या परभणी-हिंगोलीकडं खराटा तर घरोघरी असतोच, त्यातली एक पातळ आणि बऱ्यापैकी सरळ काडी घ्या, वीतभर तोडा. फरशीवर उभी धरा न् वरून बोटानं बरोबर खाली दाबा, हळूहळू, घाई नको. थोडा वेळ काहीच होत नाही, काडी सरळच राहते म्हणजे चहूबाजूंनी सारखीच, आणि मग एका ठराविक जोरानंतर एकदम एका बाजूला वाकायली बगा. जोर तर सरळ खालीच होता, मग तीच बाजू काहून? नियमात दिशा नव्हती, काडीनं एक निवडली, हेच ते सिमेट्री ब्रेकिंग, म्हणजे सारखेपणा मोडणं. (काडी थोडी वाकडी असली की दरवेळी तिकडंच जाते, पोरं लगेच पकडतात, म्हणून नीट निवडा.) हा ठराविक जोर ऑयलर या गणितज्ञानं 1744 मध्येच काढला होता, लांबी दुप्पट केली की तो चौथाई होतो, करून बगा.

खरी मजा पुढं. दाब तसाच ठेवून फुगीर भाग बोटानं गोल फिरवा, सहज फिरतो. आत ढकलून सरळ करायला गेलात तर जोर लागतो. फिरवणं म्हणजे भौतिकशास्त्रातला गोल्डस्टोन मोड (जोर न लागता होणारी हालचाल), आत-बाहेर हलवणं (ज्याला जोर लागतो) म्हणजे हिग्ज कणासारखं, जो कण 2012 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत सापडला. चपटी पट्टी घेतली तर फक्त दोनच बाजू, फिरवायला काही उरत नाही.

लोखंडाचं चुंबकत्वही याच जातीचं, 770 अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ते नाहीसं होतं, थंड झालं की परत दिशा निवडतं. तिथं दाबाऐवजी तापमान एवढाच फरक सांगा.