फिंकेल की बुडे? वाद नीट कसा घालावा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या वादात उतरताना आपण शिखर मोजतो आहोत की सातत्य, हे आधीच ठरवून घ्यावे. शिखर मोजायचे, तर जर्मनीच्या काई बुडेला मागे टाकणे अवघड आहे, कारण 1999 ते 2003 या अवघ्या पाच वर्षांत त्याने सात प्रो टूर (या खेळाच्या अव्वल व्यावसायिक स्पर्धा) जिंकल्या. मात्र त्यांतील दोन सांघिक होत्या, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. अमेरिकेच्या जॉन फिंकेलची विजेतेपदे तीनच. परंतु 1998, 2000 आणि 2008 या वर्षांवर पसरलेली. मला हा पल्ला अधिक मोलाचा वाटतो.

आकड्यांवर थांबू नये, प्रत्यक्ष डाव पाहावेत. 2000च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत फिंकेल आणि बॉब मार यांचे पत्त्यांचे संच जवळपास सारखे होते. अशा लढतीत सुरुवातीचे सात पत्ते ठेवायचे की बदलून घ्यायचे, हा निर्णयसुद्धा खेळाडूची पारख करतो. एखाद्याच सामन्यावरून मात्र निकाल देऊ नये, कारण हवा तो पत्ता न येणे कोणाच्याही वाट्याला येते.