दुकानातून गेलं, कोठ्यातून नाही: बंदी आलेल्या जहाल कीटकनाशकांबाबत या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमचा जुना कोठा पाडायला काढला. आढ्याजवळच्या फळीवर तीन वस्तू सापडल्या. गंजून लाल झालेला पत्र्याचा एक डबा, त्यावरचा कागद केव्हाच गळून पडलेला. एन्डोसल्फानची अर्धी बाटली. आणि थिमेटच्या दाण्यांची गाठ मारलेली पिशवी. ती तर ढेपेच्या पोत्यावर बरोबर वरच्या बाजूला. सालदार म्हणाला, "भाऊ, फेकू नका. तेव्हाचं औषध जालीम होतं, आताच्यासारखं पाणी नव्हतं."

जालीम होतं हे खरंच. म्हणून तर बंदी आली. पण बंदी दुकानाला लागते, घरातल्या फळीला नाही. कापूस, तूर, ऊस, केळी, हळद पिकवणाऱ्या कितीतरी घरांत असं काहीतरी पडून आहे, आणि त्याच्याशी वागताना आपण त्याच त्या चुका करतो.

आधी कोणती नावं ओळखायची ते पाहू. डीडीटी १९८९ सालीच शेतीतून बाद झालं. एन्ड्रिन १९९० मध्ये गेलं. बीएचसी, म्हणजे धान्यात आणि गोठ्यात सर्रास टाकायची ती पांढुरकी पावडर, एप्रिल १९९७ पासून बंद आहे. एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी थांबवलं. केरळच्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं विमानातून ते फवारलं गेलं होतं. तिथल्या गावांमधल्या आजारी आणि अपंग मुलांची चित्रं पाहिल्यावर त्या बंदीबद्दल वाद घालायची इच्छा उरत नाही. ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने मिथाईल पॅराथिऑन गेलं, आणि फोरेट म्हणजे थिमेट, डायक्लोरव्हॉस म्हणजे नुवान, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. २०२३ च्या आदेशाने त्याचा नेहमीचा ३६ टक्क्यांचा प्रकारही बाद ठरला आणि उरलेला साठा संपवायला वर्षभराची मुदत मिळाली. यातलं कोणतंही नाव तुमच्या फळीवर दिसलं, तर पुढचं वाचून मगच त्याला हात लावा.

"जुनं झालं, आता त्यात काय जोर राहिला असेल?"

ही समजूत सगळ्यात पसरलेली आहे आणि सगळ्यात घातक आहे. मुदत संपली म्हणजे कीड मारायची ताकद भरवशाची राहिली नाही, एवढाच तिचा अर्थ. माणसाला होणारा अपाय कमी झाला, असा नाही. उलटही घडतं.

१९७६ मध्ये पाकिस्तानात हिवताप निर्मूलनासाठी मॅलॅथिऑन फवारत होते. हे मोनोक्रोटोफॉस, फोरेट यांच्याच कुळातलं, पण तुलनेने सौम्य रसायन. तरी सुमारे ७,५०० कामगारांपैकी २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. साठवणीत त्या पावडरीमध्ये आयसोमॅलॅथिऑन तयार झालं होतं. आपलं शरीर मॅलॅथिऑन ज्या यंत्रणेने मोडून काढतं, तीच यंत्रणा हा पदार्थ बंद पाडतो. टिनाच्या छपराखाली विदर्भातला मे महिना कसा तापतो ते आपल्याला माहीत आहे. तिथे पंधरा उन्हाळे काढलेल्या डब्यात आज नेमकं काय आहे, हे डब्यावरचा कागदही सांगू शकत नाही.

शिवाय पातळ औषधं वर्षानुवर्षं उभी राहिली की थर धरतात. वरचं फिकं, तळाचं दाट. झाकणाने मोजून घेतलेलं माप तिथेच चुकतं.

झाकण उघडून वास घेणं

कागद गेलेला डबा दिसला की आपला पहिला हात झाकणाकडे जातो. उघडायचं, नाकाशी न्यायचं, "हे बहुतेक नुवान" म्हणायचं. असं करू नका. ओळख पटवून तुम्हाला करायचं काय आहे? ओळख पटली तरी ते वापरायचं नाही, नाही पटली तरी नाही.

डबा, पोतं, बाटली परत वापरात घेणं

या चुकीने आपल्या देशात किती जीव घेतले ते सांगावंसं वाटतं, कारण "आम्ही चांगला घासून घेतो" हे वाक्य मी आजही ऐकतो.

१९५८ मध्ये केरळात आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभरावर माणसं मेली. जहाजात पिठाच्या पोत्यांसोबतच फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन, ठेवलेलं होतं. ते गळलं, पोत्यांत मुरलं, आणि पीठ बाजारात गेलं. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. अन्न आणि विष शेजारी ठेवलं, एवढंच. या प्रकरणाची चौकशी झाली, आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. आज डब्यावर कवटीचं चित्र असतं आणि दुकानदाराला परवाना लागतो, ते याच कायद्यामुळे.

त्या पिठाच्या घटनेनंतर पंचावन्न वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं. स्वयंपाकाचं तेल ज्या भांड्यात होतं, त्यात आधी कीटकनाशक होतं. मुलांनी जेवणाची चव वेगळी लागते म्हणून तक्रार केली होती, तरी त्यांना खायला लावलं गेलं. हे लिहिताना आजही हात थांबतो.

प्लॅस्टिकच्या कॅनचं अंग विष शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडत राहतं. राखेने घासा, सोड्याने घासा, आठ दिवस उन्हात ठेवा, तो कॅन पाण्याचा होत नाही. रॉकेलचा नाही, गुरांच्या चुनीचाही नाही. रिकामा झाला की तीन वेळा खळबळून ते पाणी पंपातच ओता, कॅनला भोकं पाडा, ठेचा. भोक पाडलेला कॅन कोणी उचलून नेत नाही. नुसता फेकलेला संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी घरी पोचतो.

याचीच उलट बाजू म्हणजे विष दुसऱ्या बाटलीत काढून ठेवणं. शेजाऱ्याला "थोडंसं" द्यायचं म्हणून सोड्याच्या किंवा दारूच्या बाटलीत ओततात. अंधारात तहानलेला माणूस बाटलीचा आकार ओळखतो, आतलं काय ते नाही.

औषध लावलेलं बियाणं धुऊन खाणं

इराकमध्ये १९७१–७२ च्या हिवाळ्यात बाहेरून गव्हाचं बियाणं आलं. त्याला पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं होतं आणि धोका कळावा म्हणून लाल रंगही. पोत्यांवरचा इशारा तिथल्या लोकांना वाचता येत नव्हता. पेरणीची वेळ निघून गेली होती, घरात धान्य नव्हतं. लोकांनी गहू धुतला. रंग गेला, तेव्हा विषही गेलं असं वाटलं. त्याच्या भाकऱ्या झाल्या. ६,५३० माणसं दवाखान्यात दाखल झाली आणि ४५९ जण दवाखान्यातच मेले.

आपल्याकडे उरलेलं रंगीत बियाणं कोंबड्यांना टाकतात किंवा धुऊन दळणात घालतात. रंग पाण्याने निघतो. विष निघतंच असं नाही.

उरलंय म्हणून दुसऱ्या कामाला लावणं

गुरांच्या गोचिडांवर बीएचसी, बाजेतल्या ढेकणांवर नुवान, पोरीच्या केसांत उवांसाठी पावडर, रानडुकरांसाठी कणकेत थिमेट, ओढ्यात मासे मारायला एन्डोसल्फान. यातलं प्रत्येक काम कुठे ना कुठे चालताना मी पाहिलं किंवा ऐकलं आहे. गाय अंग चाटते, वासरू दूध पितं. डोक्याच्या कातडीतून विष लवकर आत शिरतं. कणकेचा गोळा डुकराआधी गावातला कुत्रा किंवा मोर खातो. आणि त्या ओढ्यातले मासे शेवटी माणसंच खातात.

विष फक्त तोंडावाटे जातं असं समजणं

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात गेले. वीसहून अधिक परतले नाहीत. कोणी काही प्यायलेलं नव्हतं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. नळी वर करून मारलेला फवारा तोंडावर, मानेवर, छातीवर येत होता. बोंडअळीच्या धास्तीने दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. पुढे सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली, त्यात मोनोक्रोटोफॉस होतं.

घामेजलेल्या अंगातून ही रसायनं आणखी वेगाने शिरतात. तोंडाला बांधलेला दुपट्टा एकदा भिजला की तो विषाची पट्टी होऊन नाकावर बसतो. अडकलेला नोझल तोंडाने फुंकणं, ड्रममध्ये हातानेच ढवळणं, मधल्या सुट्टीत त्याच हाताने खर्रा तोंडात टाकणं, या तिन्ही गोष्टी मी स्वतः केल्या आहेत आणि माझ्यासोबतच्या प्रत्येकाने केल्या आहेत. आणि संध्याकाळी ते कपडे धुते घरची बाई, उघड्या हातांनी, घरच्या इतर कपड्यांसोबत. तिची नोंद कुठल्याच आकड्यात नसते. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा, आणि शक्य तर ज्याने घातले त्यानेच धुवावेत.

मग जे आता कायदेशीर आहे ते तरी निर्धास्त मारावं का? डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ही केवळ तुलना आहे. हिरवा म्हणजे सेंद्रिय नव्हे, की तोंड न बांधता मारायची परवानगी नव्हे.

घरात, हाताशी ठेवणं

हे लिहिणं जड जातं, पण टाळून चालणार नाही. कर्ज, नापिकी, भांडण यांच्या एका वाईट रात्रीत घरात विष हाताशी असलं की जीव जातो, आणि नसलं की ती रात्र बरेचदा टळते. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आलं, आणि भाताचं उत्पन्न घटलं नाही. म्हणून जे वापरातलं आहे तेही घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली एकाकडेच असू द्या. घरात कोणी खचलेलं वाटत असेल तर त्याच्याशी मोकळेपणाने बोला, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत मदत १४४१६ वर चोवीस तास मिळते.

विषबाधा झाल्यावर होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे "ऊन लागलं" म्हणून झाडाखाली झोपवणं. फवारणीनंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, घाम थांबत नाही, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, अंगाचे स्नायू फडफडत आहेत, दम लागतोय. हे ऊन नव्हे. मोनोक्रोटोफॉस, फोरेट यांच्या कुळातल्या विषाची ही लक्षणं आहेत. एन्डोसल्फानमध्ये झटके येतात.

ताबडतोब कपडे काढा, साबणाने अंग धुवा. केस, नखं, कानामागची जागा राहू देऊ नका. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं साधं पाणी सोडा. माणूस बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. मीठपाणी पाजून ओकायला लावू नका: यातली बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रावणात असतात आणि उलटी छातीत गेली तर फुप्फुसं जातात. दूध, तूप, तेल तर मुळीच नको. एन्डोसल्फानसारखं विष त्या स्निग्धतेसोबत अधिकच शोषलं जातं.

१०८ ला फोन करा. डबा किंवा त्यावरच्या कागदाचा फोटो सोबत न्या. मोनोक्रोटोफॉस, फोरेट यांच्या कुळाच्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, एन्डोसल्फानला तसा उतारा नाही; डॉक्टरला नाव कळलं तर वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टरही वापरू शकतात.

आणि दुसऱ्या दिवशी "आता बरं आहे" म्हणून घरी आणायची घाई करू नका. काही जणांची एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तेव्हा माणूस दवाखान्यात असला तरच वाचतो.

मग त्या डब्यांचं करायचं काय?

विहिरीत, ओढ्यात, नाल्यात नाही. जाळायचं नाही, धूर तेवढाच विषारी असतो. स्वतःच्या बांधाशी पुरायचंही नाही. अशी विषं नष्ट करायची जागा म्हणजे घातक कचऱ्याची केंद्रं. राज्यात ती तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. एकट्या शेतकऱ्याचे तीन डबे तिथवर पोचणं अवघड, आणि गावोगाव जुनं विष गोळा करायची पक्की सोय आपल्याकडे नाही, याचा मला राग येतो. कृषी सहाय्यकाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या. ग्रामपंचायतीत विषय काढून दहा-वीस घरांचं एकत्र अर्जाने मांडलं तर ऐकलं जाण्याची शक्यता वाढते.

तोवर सुरक्षित ठेवणं आपल्या हातात आहे. रबरी हातमोजे घालून, चामड्याचे किंवा कापडी नकोत, डबा न उघडता जाड प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ठेवा. भोवती कोरडी माती भरा, म्हणजे गळलं तरी तिथेच मुरेल. जमिनीवर सांडलं असेल तर पाणी ओतू नका. राख किंवा माती टाकून खरवडा आणि तीही ड्रममध्येच घाला. ड्रम विहिरीपासून, चाऱ्यापासून, चुलीपासून लांब, कुलूपबंद जागी ठेवा. बाहेर नाव, अंदाजे किती आहे ते आणि ठळक अक्षरांत "विष" असं ऑइल पेंटने लिहा. आम्ही आधी खडूने लिहिलं होतं, ते पहिल्याच पावसात पुसलं गेलं.