साहेबाचं पुस्तक आणि आपला सातबारा

यंदा गणपतीची पाळी आमच्याकडे, म्हणून तीन आठवडे देवगडला गावी आलोय. रात्रीची आरती आटोपली की वाडीतलं कुणी ना कुणी फाइल घेऊन पडवीत येऊन बसतं. मुलगा नाहीतर सून नुकतीच कॅनडात गेलेली, आता म्हाताऱ्यांचा व्हिजिटर व्हिसा काढायचा. प्रश्न सगळ्यांचा एकच: "अण्णा, थय कोणाची वळख आसा काय?"

ओळख नाही. कॅनडातल्या सतरा वर्षांत व्हिसा देणारा अधिकारी मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आणि ओळख लागतही नाही, कारण तो साहेब काय बघून ठरवतो ते उघड छापलेलं आहे. तिकडे 2001 चा इमिग्रेशनचा कायदा, त्याखाली नियम, आणि त्याखाली अधिकाऱ्यांसाठी खात्याच्या मार्गदर्शक सूचना. या सूचना खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आपली माणसं भाऊबंदकीच्या दाव्यातले फेरफार तोंडपाठ म्हणून दाखवतील, पण या सूचना उघडायचा कंटाळा. त्यापेक्षा एजंटला पैसे मोजतील.

व्हिजिटरसाठी नियम 179 मध्ये मुख्य अट अशी की मुदत संपली की पाहुणा परत जाईल, हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. पटायचं कशावरून, ते सूचनांत येतं: घरचे पाश, पैशाची स्थिती, येण्याचं कारण, आधीचा प्रवास. तो एकेक मुद्दा समोर ठेवून फाइल चाळतो. ज्या मुद्द्याला कागद नाही, तिथे तुमची बाजू रिकामी.

माझ्या आईचा पहिला अर्ज असाच गेला. मुलीचं बारसं होतं, घाई होती. टोरोंटोजवळच्या मिसिसागात एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये चहा पिता पिता चौघांनी सांगितलं, "खात्यात बॅलन्स दिसला पाहिजे." मी अर्जाच्या आठवडाभर आधी आईच्या खात्यात दोन लाख टाकले. सातबारा जोडला, त्यावर आजोबांपासून एकोणीस नावं, आणि भाषांतर मीच बसून केलं. नकार आला. पाच डॉलर भरून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या, त्यात तीन गोष्टी होत्या: मोठी रक्कम अचानक जमा आणि ती कुठून आली ते कळत नाही; जमिनीत हिला नेमकं काय येतं ते कळत नाही; परत जाण्याचं ठोस कारण दिसत नाही. बारसं आईविना झालं. त्या चौघांपैकी एकानेही सूचना वाचलेल्या नव्हत्या, मी पण नाही. म्हणून सांगतो, अर्जाच्या तोंडावर खात्यात पैसे ओतू नका. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं लिहा आणि तुमच्या पगाराच्या पावत्या जोडा. हौसेने ओतलेले दोन लाख आईच्या बाजूने नाही, तिच्या विरुद्ध बोलले.

दुसऱ्या वेळी दोन पानांचं पत्र लिहिलं. आंब्याच्या कलमांचे पैसे दलालाकडून कोणत्या महिन्यात येतात, त्याच्या पट्ट्या म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठ्या. एकोणीस नावांत आईचा हिस्सा किती. आणि पुढच्या भाद्रपदात मूळ घरातल्या गणपतीची पाळी आमची, घरात करणारी ती एकटीच. फॉर्ममध्ये पाळीसाठी रकाना नाही, पण कोकणी माणसाला परत ओढणारा याहून मोठा पाश मला तरी माहीत नाही. व्हिसा मिळाला. कुठल्या ओळीने काम केलं ते सांगता येत नाही.

हेही ध्यानात ठेवा की सूचना म्हणजे कायदा नव्हे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या कंथासामी खटल्यात म्हटलं की मार्गदर्शक सूचना उपयोगी असल्या तरी बंधनकारक नाहीत, अधिकाऱ्याने त्यांच्या चौकटीत स्वतःला बांधून घेऊ नये. तो खटला मानवतेच्या आधारावरच्या अर्जाचा होता, पण आपल्याला धडा तोच: तुमची गोष्ट चौकटीत बसत नसेल तर ती का बसत नाही हे तुम्हीच लिहायचं. साहेबाला सामायिक जमीन म्हणजे काय ते कोण सांगणार?

नकाराविरुद्ध फेडरल कोर्टात जाता येतं, कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला साठ दिवसांची मुदत. पण कोर्ट व्हिसा देत नाही, जिंकलात तरी बहुतेक वेळा फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत जाते. त्यापेक्षा नीट पुन्हा अर्ज करणं स्वस्त.

आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर ते अर्जात लिहा. एजंट "कशाला सांगता" म्हणेल. खोटं ठरलं तर पाच वर्षं दार बंद.

भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. बाहेरच्याकडून करून घ्या, तो प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि नावं तपासा. काल आलेल्या फाइलमध्ये काकींचं सातबाऱ्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत तिसरंच. तिन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करायला त्यांना सोमवारी तालुक्याला पाठवतोय, तोवर फाइल आमच्याच पडवीत राहील.