ग्रंथालयात एआय आणण्याआधी

सुरुवात दाखल नोंदवहीपासून करा, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ती वही. कपाटातली कुठलीही शंभर पुस्तकं नोंदींशी पडताळून बघा. दहा-पंधरांचा मेळ बसला नाही, तर चॅटबॉटचा विषय तूर्त बाजूला ठेवा. नसलेलं पुस्तक ‘आहे’ म्हणून सांगणारं यंत्र वाचकाला एका हेलपाट्यातच नकोसं होतं. मग नावं तपासा. एकाच तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या शोधयादीत, आइन्स्टाइन, आईनस्टाईन आणि आइनस्टाइन असे तीन वेगळे गृहस्थ नांदत असतात, आणि एकाचं चरित्र मागणाऱ्याला उरलेल्या दोघांची गाठ कधीच पडत नाही. अशी दुहेरी-तिहेरी नावं हुडकून काढणं एआयला खरंच छान जमतं. यादी द्यायची, संशयास्पद जोड्या मागायच्या. नोंदी एक करायच्या की नाही, हे मात्र ग्रंथपालाने ठरवायचं. पैसा आणि माणसं कमी असतील तिथे पहिले काही महिने याच कामाला द्यावेत असं मला वाटतं. उद्घाटनाला दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, हे खरं.

नोंदी अजून कागदावरच असतील तर आधी कोहा हे ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून घ्या. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ही प्रणाली २००० पासून वापरात आहे आणि तिला परवाना शुल्क नाही. एआयवालं कुठलंही साधन घेताना एकच विचारा: आमच्या नोंदी मार्क (ग्रंथालयांची नोंदींची ठरलेली पद्धत) किंवा साध्या सीएसव्ही (कुठल्याही तक्त्यात उघडणारी फाइल) स्वरूपात परत मिळतील का? उत्तर गुळमुळीत आलं की तिथूनच रामराम.

जुन्या छापील मजकुराचं स्कॅनिंग ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) करा आणि मूळ प्रतिमा जपून ठेवा, कारण अक्षर ओळखणारी साधनं सुधारत जातात. त्यातलं टेसरॅक्ट फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. पण सगळं कपाट त्याच्यापुढे रिकामं करण्याआधी सर्वात खराब वीस पानं देऊन चुका हाताने मोजा. विरलेली शाई आणि जोडाक्षरं इथेच गाडी अडते. कॉपीराइट शिल्लक असलेली पुस्तकं या ढिगातून वेगळी काढा.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी बोलून शोधायची सोय करायची असेल, तर दावे ऐकून भुलू नका. व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहून घेणारं २०२२ चं मॉडेल ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं. त्यात इंग्रजी सोडून ९६ भाषांचं त्याच भाषांत लिहून घेतलेलं बोलणं जेमतेम १,१७,००० तासांचं. तुमच्या बोलीच्या वाट्याला काय आलं असेल? म्हणून दोन आठवडे देवघेवीच्या टेबलावर वही ठेवा आणि लोक जसं विचारतात तसंच उतरवा: ‘विहिरीचं पाणी खारट झालंय, त्यावर काही आहे का?’ असले तीसेक प्रश्न जमले की तीच यंत्राची परीक्षा. यंत्राने सुचवलेलं प्रत्येक पुस्तक तालिकेत आहे ना, तेही बघा. चॅटबॉटमागची भाषेची मॉडेलं मुळात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं लेखकासकट बिनदिक्कत रचतात, आणि ड्यूई वर्गांकही (पुस्तकाला विषयानुसार दिलेला आकडा) तितक्याच ठामपणे चुकवतात.

वीज आणि इंटरनेट गेल्यावरही शोध चालेल अशी तालिकेची एक प्रत ग्रंथालयातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या संगणकावर हवी. कुणी काय वाचलं याची नोंद बाहेरच्या सेवेकडे जाता कामा नये.

ती वही पुढेही टेबलावरच राहू द्या, यंत्राची चुकलेली उत्तरं लिहायला. पेन दोरीने बांधा, नाहीतर वही कोरीच राहते.