माइसमध्ये पिनवर्म निघाले? आधी कुठला ते बघा, मग औषध

ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे लॅबचे उंदीर ठेवतात तिथे, पिनवर्म (आतड्यातला बारीक जंत) सापडला की सगळे लगेच फेनबेंडाझोल या जंतनाशकाच्या मागे लागतात. द्यायचंच आहे हो, पण आधी किडा कुठला ते बघा, कारण माइसमध्ये (छोट्या उंदरांत) नेहमीचे दोन, सायफेशिया ऑब्वेलाटा आणि ॲस्पिक्युलुरिस टेट्राप्टेरा, आणि दोघांची टेस्ट वेगळी.

सायफेशियाची मादी गुदद्वाराभोवती अंडी चिकटवते, म्हणून सेलोटेप. शेपटीचं मूळ धरून उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवा, तो पुढच्या पायांनी जाळी पकडून पुढे ओढतो, तेवढ्यात पारदर्शक टेप मागे दाबा आणि स्लाइडवर लावून मायक्रोस्कोपच्या १०एक्स लेन्सखाली बघा. अंडं एका बाजूने सपाट, केळ्यासारखं दिसतं. शक्यतो दुपारी करा आणि नुकतीच आईपासून वेगळी केलेली पिल्लं घ्या, म्हाताऱ्या उंदरात किडे कमी असतात.

ॲस्पिक्युलुरिस टेपवर येत नाही, त्याची अंडी लेंडीतून पडतात. ताज्या लेंड्या मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करा, गाळा, ट्यूब काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप, पंधरा मिनिटांनी बघा. अंडं दोन्ही बाजूंनी सारखं. एकदा निगेटिव्ह आलं म्हणून खूश होऊ नका, अंडी रोज पडतातच असं नाही. शंका असेल तर प्रयोगाच्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये तसेही संपवायचे असलेले उंदीर असतात, ते संपवल्यावर त्यांचं सीकम आणि कोलन (मोठ्या आतड्याचे भाग) सलाइनमध्ये उघडा, पांढरे दोरे वळवळताना दिसतील.

आता औषध. १५० पीपीएम फेनबेंडाझोलचं फीड, एक आठवडा आड, असे बरेच राउंड, आणि अख्ख्या खोलीला, फक्त पॉझिटिव्ह पिंजऱ्यांना नाही. सायफेशियाचं चक्र साधारण ११ ते १५ दिवसांचं, ॲस्पिक्युलुरिसचं २३ ते २५, त्यामुळे दुसरा असेल तर लवकर थांबलात की परत येतो. आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंतनाशक लहान पिल्लांना आणि काही नॉकआउट स्ट्रेन्सना (एखादा जीन बंद केलेल्या उंदरांना) विषारी ठरतं, व्हेटला विचारल्याशिवाय हात लावू नका.

खरी डोकेदुखी अंड्यांची. अल्कोहोल फवारून ती मरत नाहीत, धुळीबरोबर उडतात, म्हणून पिंजरे, बाटल्या, बेडिंग सगळं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा. आणि ज्यांचे इम्युनॉलॉजीचे प्रयोग चालू आहेत त्यांना आधीच सांगा, उंदीर बाहेरून ठणठणीत दिसला तरी पिनवर्मने टीएच२ रिस्पॉन्स (प्रतिकारशक्तीचा एक प्रकारचा प्रतिसाद) हलतो, डेटा बिघडतो.

अजून एक, कोणाच्या घरी क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले पांढरे उंदीर असतील तर त्याने लॅबच्या उंदरांच्या कॉलनीत थेट शिरू नये. पाळा बिनधास्त, पण मग खोलीची ड्युटी दुसऱ्याला द्या.