माथेरानला जाताय? या चुका टाळा

दस्तुरी नाक्यावर दर सुट्टीला एक दृश्य हमखास दिसतं. चाकांची भलीमोठी बॅग तांबड्या मातीतून ओढत निघालेलं कुटुंब. शंभर पावलांत चाकांत खडे अडकतात आणि मग ती बॅग बाबांच्या डोक्यावर जाते. माथेरानात गाड्यांना बंदी आहे, गाडी नाक्यावरच ठेवावी लागते, आणि बाजारपेठ तिथून साधारण अडीच किलोमीटर. पाठीवर मावेल एवढंच सामान घ्या. बूट जुने, खाचदार तळव्यांचे हवेत. पांढरे नकोत, ती माती धुतली तरी जात नाही.

नाक्यावरच दुसरी फसगत होते. माझ्या आईला एकाने अगदी आपुलकीने सांगितलं, "काकू, शटल बंद आहे, चालत तर तुम्हाला जमायचंच नाही." आम्ही घोडा केला आणि वाटेत ती शटल, म्हणजे नाक्यापासून माथेरानात जाणारी छोटी रेल्वे, शिटी वाजवत शेजारून गेली. अमन लॉज स्टेशन नाक्याला लागूनच आहे, तिकीट खिडकीवर स्वतः जाऊन विचारा. घोडा करायचाच असेल तर कुठले पॉइंट आणि किती पैसे, हे बसण्याआधी ठरवा. पावसाळ्यात पायथ्याच्या नेरळहून वर येणारी रेल्वेगाडी बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. नेरळला उतरून गाडीची वाट बघत बसू नका.

आता सगळ्यात मोठी चूक. एका दिवसात सगळे पॉइंट उरकणं. पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला, वन ट्री हिल दक्षिणेला. दोन्ही एका दिवसात धरलेत तर फक्त कठडे बघून याल. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, आणि ते रान दोन पॉइंटांच्या मधे आहे. एक दिवस शार्लोट तलाव, एको आणि लुईझाला द्या, ते जवळजवळ आहेत. दुसरा दिवस अलेक्झांडर, रामबाग, वन ट्री हिलला. उन्हाळा लागायच्या सुमारास आलात तर वाटेत अंजनीच्या झाडापाशी थांबा. फुलं फांदीच्या टोकाला नसतात, थेट फांदीच्या सालीला चिकटून निळ्या-जांभळ्या झुपक्यांनी येतात. शेकरूही दिसेल, पण घोळक्याने बोलत गेलात तर नाही.

दक्षिणेकडच्या या वाटा इतिहास माहीत नसताना तुडवू नयेत असं मला मनापासून वाटतं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाकडून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि रामबागेकडून उतरला. पुस्तकं त्याला माथेरानचा 'शोध' लावणारा म्हणतात. डोंगरातल्या ठाकर, कातकरी, धनगरांना हे रान त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. छोटी रेल्वे १९०७ मध्ये आली, पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि जिद्दीने. आणि ज्यांचं नाव इथे आलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं ते भाई कोतवाल. १९१२ मध्ये माथेरानातच, नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता ही क्रांतिकारकांची तुकडी उभारून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. सोबत हिराजी पाटीलही गेले. मुलांना हे चालता चालता सांगा, घरी जाऊन नव्हे.

माकडांचं थोडक्यात. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती त्यांचीच. चिक्की सॅकमध्ये ठेवा. पिशवी ओढलीच तर सोडून द्या, झटापट करू नका, आणि कौतुकाने खायला तर मुळीच घालू नका. शार्लोट तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात पाय सोडून बसू नका.

पावसात कड्यावरचा जांभा शेवाळाने बुळबुळीत होतो आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही. कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी एक पाऊलही नको.

शेवटची चूक माझ्याच हातून झाली आहे. सूर्यास्त बघून निघालो. उघड्यावर उजेड होता, झाडीत शिरताच मिट्ट काळोख. मोबाइलला रेंज नाही आणि सगळ्या वाटा सारख्याच तांबड्या. आम्ही बराच वेळ उतरत राहिलो. समोरून मोळी घेऊन एक मावशी चढत आल्या. म्हणाल्या, "अगं पोरी, ही तर खाली गावात जाते. वरचं रान सपाट असतं. वाट सारखी उतराय लागली की मागं फिरायचं." तेव्हापासून मी सॅकमध्ये बॅटरी ठेवते, आणि वाट उतरायला लागली की थांबते. त्या दिवशी मागे फिरलो, मावशींच्या मागोमाग चढलो आणि बाजारातले दिवे दिसले.