विद्यार्थ्यांनी स्वस्तात मेडिक्लेम कसा घ्यावा: आधी खोलीभाड्याची ओळ वाचा

पुण्यात शिकायला आलेल्या पोरांना घरून एकच सल्ला मिळतो: "एखादी स्वस्तातली पॉलिसी बघ आणि घेऊन टाक." मीही तसंच केलं होतं, आणि पुढच्याच पावसाळ्यात ते माझ्या अंगाशी आलं. त्यानंतर धाकटी बहीण, दोन मामेभाऊ आणि खोलीवरच्या निम्म्या मुली, या सगळ्यांच्या पॉलिसी मी बघून दिल्या. त्यामुळे हप्त्याचे तक्ते घेऊन तासन् तास तुलना करत बसणाऱ्यांचा आता मला कंटाळा येतो. बघायची ओळ एकच असते, आणि ती त्या तक्त्यात नसते.

आधी घरी फोन लावा. आईबाबांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) किंवा त्यांच्या ऑफिसच्या पॉलिसीत तुमचं नाव आहे का, ते विचारा. लग्न न झालेल्या, न कमावणाऱ्या मुलांना बरेच फ्लोटर २५ वर्षांपर्यंत ठेवून घेतात. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) मात्र शिकणाऱ्या मुलाला २१ पर्यंतच मिळतं. लग्न न झालेल्या, वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीला ही वयाची अट नाही. "असेल बहुतेक" हे उत्तर धरू नका, कार्डाचा फोटो मागवा. नाव असेल तर वेगळे पैसे घालवायची गरज नाही. फक्त फ्लोटरमधून बाहेर पडायचं वय आलं की त्याच कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसी मागा. मध्ये खंड पडू दिला नाही तर पूर्ण झालेला वेटिंग पिरियड (काही आजारांचे पैसे मिळण्याआधी थांबायचा काळ) पुढे मोजला जातो.

मग रेशनकार्ड काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरवून दिलेल्या उपचारांसाठीच. कार्डावर तुमचं नाव चढलेलं आहे का, तेवढं बघून ठेवा. आणि हो, कॉलेजच्या फीच्या पावतीवर 'विमा' असं छापलेलं असतं तो बहुतेक वेळा फक्त अपघाताचा असतो. डेंग्यूला त्याचा उपयोग शून्य.

यातलं काहीच पुरेसं नसेल तर स्वतःची पॉलिसी. विम्याची रक्कम ५ लाख. यावर चर्चा नको.

आता ती ओळ. पॉलिसीच्या कागदात 'रूम रेंट' शोधा. तिथे तीनपैकी काहीतरी लिहिलेलं असतं: विमा रकमेच्या अमुक टक्के, 'सिंगल प्रायव्हेट रूम', किंवा मर्यादाच नाही. पहिला प्रकार हप्त्याला सगळ्यात स्वस्त, म्हणून विद्यार्थ्यांच्या गळ्यात तोच पडतो. माझी पॉलिसी २ लाखांची होती आणि खोलीला १ टक्का, म्हणजे दिवसाला २,००० रुपये. मला ते माहीत होतं, बरं का. डेंग्यू झाला तेव्हा अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर मी स्वतः सांगितलं, "दोन हजारांच्या आतली द्या." काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सेमी-प्रायव्हेट बरोबर दोन हजार आहे मॅडम." मी खूश.

पाच दिवसांनी बिल आलं ५४,६०० रुपयांचं. बिलात खोलीचे रोजचे २,००० होतेच, पण त्याखाली 'नर्सिंग चार्जेस' रोजचे १,००० वेगळे. माझ्या पॉलिसीत मात्र 'रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग' अशी तिन्हींची मिळून एकच मर्यादा होती. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने माझी खोली ३,००० ची. पाच दिवसांच्या १५,००० पैकी त्यांनी १०,००० दिले. इथवर ठीक होतं. खरी मेख पुढे होती. खोली मर्यादेबाहेर गेली की डॉक्टरांच्या व्हिजिटसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. माझी मर्यादा खोलीच्या दोन-तृतीयांश, म्हणून डॉक्टरांच्या १२,००० चे ८,००० झाले. हातमोजे, सिरिंज वगैरेचे २,६०० कशातच बसले नाहीत. एकूण ११,६०० माझ्या खिशातून गेले. हप्त्यात मी वाचवले होते दोनेक हजार.

त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की औषधं, तपासण्या आणि आयसीयूचा खर्च असा प्रमाणात कापायचा नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. म्हणून माझे औषध-तपासण्यांचे २५,००० शाबूत राहिले. तुमच्या क्लेममध्ये त्यांना कात्री लागली असेल तर गप्प बसू नका, लेखी हरकत घ्या.

तर माझं मत असं, की मर्यादा नसलेली किंवा 'सिंगल प्रायव्हेट रूम' लिहिलेली ५ लाखांची पॉलिसी घ्या. टक्केवारीवाली १० लाखांची कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. पैसे अगदीच ओढून-ताणून असतील तर 'आरोग्य संजीवनी' बघा. ती बऱ्याच कंपन्या विकतात आणि तिचे नियम सगळीकडे सारखेच. तिच्यात खोली-नर्सिंगला २ टक्के, पण कमाल ५,००० रुपये रोज, आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के तुम्ही भरायचे. म्हणजे १ लाखाच्या पॉलिसीत खोली २,००० चीच मिळणार. पूर्ण ५,००० हवे असतील तर निदान अडीच लाखांची घ्या. १ लाखाची घेऊन "आपलं काम झालं" म्हणू नका, तो माझाच किस्सा पुन्हा घडेल.

टक्केवारीवाली पॉलिसी आधीच घेऊन बसला असाल तर काउंटरवर "रूम किती?" असं विचारू नका. "रूम आणि नर्सिंग धरून रोजचं किती?" असं विचारा, आणि आकडा कागदावर लिहून घ्या.

फॉर्म भरताना दमा, थायरॉइड, पीसीओडी, लहानपणीचं ऑपरेशन, सगळं लिहा. "कशाला लिहिता, हप्ता वाढेल" म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही. आधीच्या आजारासाठी वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, तो पंचविशीच्या आत संपूनही जातो. लपवलेलं मात्र कधीही वर येतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून सहसा काहीच मिळत नाही, म्हणून पावसाळा डोक्यावर यायच्या आधी घ्या.

पैसे थेट कंपनीच्या साइटवर भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. कोणी १८ टक्के लावून आकडा सांगत असेल तर तो जुना आहे. हप्ता वडील भरणार असतील आणि ते जुन्या करप्रणालीत असतील तर त्यांना आयकरात वजावट मिळते.

पॉलिसी हातात आली की ग्राहक माहिती पत्रकात तीच रूम रेंटची ओळ पुन्हा वाचा. सांगितलेलं आणि छापलेलं जुळत नसेल तर ३० दिवसांत परत करता येते.

ई-कार्ड आणि आधारचा फोटो रूममेटच्या फोनवरही पाठवून ठेवा. माझी पीडीएफ लॅपटॉपमध्ये होती, लॅपटॉपला पासवर्ड होता आणि मला १०३ ताप. रिक्षात रूममेट मला हलवून हलवून पासवर्ड विचारत होती.